कांदा वाफ्यात, अधिसूचना शनिवारी

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला आणि पहिल्या पाचांत तीन कांद्याची निघाली. नवल नाही, मी राहतेच पिंपळगाव बसवंतला. नव्या वाचकांना एवढं सांगून ठेवते की मी अर्थतज्ज्ञ नाही. इथल्या एका सनदी लेखापालांच्या ऑफिसात ३४ वर्षं वह्या लिहिल्या, आधी लाल बासनातल्या, मग कॉम्प्युटरवरच्या. कांदा व्यापारी, द्राक्षवाले, किराणेवाले, दोन-चार वर्कशॉपवाले अशी आमची गिऱ्हाइकं. सरकारचं धोरण मला त्यामुळे नेहमी उलट्या टोकानं दिसलं. आधी कुणाच्या तरी नावे पडलेली रक्कम दिसायची, आणि ती का पडली हे नंतर पेपरात वाचायचं.

प्रश्न : ताई, चांदवड तालुक्यात माझी सहा एकर बागायत आहे. दरवर्षी अडीच-तीन एकर उन्हाळ कांदा असतो. आता निर्यातशुल्क शून्य झालं आहे. मुलगा म्हणतो, सगळी सहा एकर कांदाच लावू आणि कर्ज काढून कांदा साठवायची चाळ बांधू. शुल्क पुन्हा लागणार नाही याची काही खात्री आहे का?

दादा, खात्री नाही. मुलाला माझं नाव सांगून दाखवा, पण सहाच्या सहा एकर लावू नका.

माझ्या डायरीतल्या नोंदी वाचून दाखवते. १९ ऑगस्ट २०२३, कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. २८ ऑक्टोबर २०२३, टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखालच्या भावानं बाहेर विकायचा नाही. ७ डिसेंबर २०२३ची अधिसूचना, दुसऱ्या दिवसापासून निर्यात बंद, मुदत ३१ मार्चपर्यंत. ती मुदत संपायच्या आतच बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’ लांबली. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क घेऊन. १३ सप्टेंबर २०२४ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. २२ मार्च २०२५ला जाहीर झालं की १ एप्रिलपासून शुल्क शून्य. दीड वर्षात एका पिकाच्या निर्यातीचे नियम इतक्या वेळा फिरले.

एक चाळा म्हणून मी वार तपासले. १९ ऑगस्ट शनिवार, २८ ऑक्टोबर शनिवार, ४ मे शनिवार, २२ मार्च शनिवार. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या ऑफिसात शनिवारी संध्याकाळी व्यापाऱ्यांचे फोन आले की साहेब आधी चष्मा पुसायचे.

आता शुल्काचा पैसा नेमका कुणाच्या खिशातून जातो ते बघा, कारण मुलाच्या हिशेबात तेच सुटलं आहे. समजा, दुबईचं गिऱ्हाईक किलोला ४० रुपयेच मोजणार आहे. ४० टक्के शुल्क लागलं की बंदरावरची किंमत साडेअठ्ठावीस रुपये धरावी लागते, तेव्हा कुठे शुल्क मिळून ४० होतात. मधले साडेअकरा रुपये दुबईवाला सोसत नाही, कारण त्याला पाकिस्तानचा, इजिप्तचा कांदाही मिळतो. निर्यातदार सोसत नाही, त्याची कमाई किलोमागे रुपया-दोन रुपये. मग ते उतरतात कुठून? लिलावात तुमच्या ट्रॅक्टरपुढे उभं राहून व्यापारी जी बोली लावतो तिच्यातून. आणि गंमत म्हणजे फक्त निर्यातीच्या मालाचा भाव उतरत नाही. बाहेर जाणारा माल इथंच राहतो म्हटल्यावर ओळीतल्या सगळ्या ट्रॅक्टरांचा उतरतो, गोल्टीसकट, म्हणजे बारीक कांद्यासकट.

डिसेंबर २०२३ तुम्हाला मी सांगायला नको. चांदवडलाच ११ तारखेला शरद पवार रास्ता रोकोला आले होते. त्या महिन्यात लासलगाव-पिंपळगावचे भाव बघता बघता निम्म्यावर आले. त्या अधिसूचनेत एक परिच्छेद होता, तो मी तेव्हा दोनदा वाचला. ज्याचा माल जहाजावर चढायला लागला आहे किंवा कस्टमच्या ताब्यात गेला आहे, त्याला बंदी लागू नाही. योग्यच आहे, भरलेला कंटेनर कोण परत आणणार? पण त्या दिवशी ज्याचा लाल कांदा काढणीला आला होता, ज्याचा रांगडा, म्हणजे उशिराचा खरीप कांदा, वाफ्यात उभा होता, आणि ज्यानं उन्हाळची रोपं टाकली होती, त्यांच्यासाठी तसा परिच्छेद नव्हता. रोप टाकल्यापासून कांदा हाती यायला पाच-साडेपाच महिने लागतात. अधिसूचनेला एक रात्र पुरते. तुमचा सगळा धोका या दोन मुदतींच्या मधे आहे. दर शून्य आहे की वीस, हे त्यानंतर.

शिवाय शुल्क शून्य झाल्यावर काय झालं तेही बघा. २०२५च्या उन्हाळ्यात शुल्क नव्हतं, तरी भाव पडलेलेच होते. माल भरपूर होता हे एक कारण. दुसरं, बांगलादेश आपल्या शेतकऱ्याचा हंगाम बघून आयातीचे परवाने उघडतो आणि मिटतो. आपण चार वेळा दार लावलं की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं, किंवा स्वतःच कांदा लावतं. शुल्क काढणं एका सहीचं काम आहे, तुटलेलं गिऱ्हाईक सहीनं परत येत नाही.

तेव्हा नेहमीच्या तीन एकरांवर फार तर अर्धा एकर वाढवा. उरलेल्यात मका, सोयाबीन, जे जमेल ते असू द्या. चाळ मात्र बांधा, पण स्वतःच्या मालापुरती. चाळीत कांदा सडतो, वजन घटतं, कोंब येतात. चार-पाच महिन्यांत पाव हिस्सा सहज जातो. भाव वाढेल म्हणून थांबताना ही घट आधी वजा करा. अनुदान कित्येक वर्षं टनाला ३,५०० रुपये, २५ टनांपर्यंत म्हणजे ८७,५०० रुपये असं होतं. आजचा आकडा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय पाया खणू नका. आधी बांधून मग अर्ज करणाऱ्यांच्या फाइली मी परत आलेल्या पाहिल्या आहेत.

आणि ई-पीक पाहणी करा, म्हणजे सातबाऱ्यावर कांद्याची नोंद होते. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलला. माझ्या सख्ख्या चुलतभावाकडे बाजार समितीच्या विक्रीच्या पट्ट्या होत्या, पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती. तलाठ्याकडे, समितीकडे, परत तलाठ्याकडे असे त्याचे जोडे झिजले. पैसे आले, पण टप्प्याटप्प्यानं आणि तोवर पुढचा कांदा निघाला होता.

प्रश्न : तुम्ही दर वेळी शेतकऱ्याचीच बाजू घेता. आम्ही डोंबिवलीत ८० रुपये किलोनं कांदा घेतो तेव्हा सरकारनं नुसतं बघत बसायचं का? आमच्या घरात एकाच पगारावर पाच माणसं जेवतात.

वहिनी, राग कबूल. माझी लेक तुमच्या पलीकडे बदलापूरला राहते, तीही फोनवर हेच ऐकवते.

पण ८० रुपयांची फोड करू या. रिझर्व्ह बँकेच्या २०२४मधल्या एका अभ्यासात निघालं की ग्राहकानं कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. बाकीचे ६४ हमाली, गोणी, भाडं, घट, घाऊक आणि किरकोळ व्यापारी यांत जातात. निर्यातबंदी घालून सरकार भाव पाडतं तेव्हा चिमटा बसतो तो या ३६ पैशांना. ट्रकचं भाडं बंदीनं कमी होत नाही आणि तुमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याचा गाळाही स्वस्त होत नाही. लासलगावला भाव निम्मा झाला म्हणून डोंबिवलीत निम्मा झालेला तुम्ही पाहिला आहे का? मी लेकीला दर वेळी विचारते.

तरी सरकार कांद्यालाच का धावतं? २०१२ पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन जेमतेम ०.६४ टक्के होतं. पण १९९८ला महागलेल्या कांद्यानं दिल्लीच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला पाडलं, ते कुठलाही पक्ष विसरलेला नाही. निर्देशांकात कांदा लहान, मतपेटीत मोठा. आणि आता दुसऱ्या टोकालाही तसंच व्हायला लागलंय. ४ मे २०२४ला बंदी उठली, आमच्याकडे लोकसभेचं मतदान २० मेला होतं, तरी दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. पडण्याला कारणं अनेक असतील. पिंपळगावच्या चहाच्या टपरीवर मात्र एकच ऐकू येत होतं, कांदा. बंदी उठायच्या आठवडाभर आधी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची परवानगी मिळाली होती, ती तर इथं कुणी विसरायलाच तयार नव्हतं.

तुम्ही विचारता की सरकारनं काही करायचंच नाही का. करायचं. सरकार ‘नाफेड’ आणि ‘एनसीसीएफ’ या सहकारी संस्थांकडून उन्हाळ कांदा विकत घेऊन साठवतं आणि भाव चढले की बाजारात सोडतं, ही पद्धत मला बंदीपेक्षा कितीतरी बरी वाटते. ऑक्टोबर २०२४मध्ये लासलगावहून ‘कांदा एक्स्प्रेस’ म्हणून मालगाडी दिल्लीला गेली, १,६०० टन घेऊन, तिथं ३५ रुपये किलोनं विक्री झाली. खरेदीत खोटी नावं, हलका माल अशा तक्रारी आमच्या भागात कायम असतात आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण निदान या पद्धतीत सरकार बाजारात उतरून पैसे मोजतं. बंदीत सरकार एक पैसा मोजत नाही. तुमच्या स्वस्त कांद्याचं बिल माझा चुलतभाऊ भरतो, आणि तुम्हाला तो स्वस्त मिळतोच असंही नाही.

माझी मागणी साधी आहे. शुल्क लावायचं तर लावा, पण रोपं टाकायच्या आधी सांगा. अमुक भावावर गेला तर अमुक शुल्क, हे हंगामाआधी छापून टाका. मग कुणी किती लावायचा ते ज्याचं तो ठरवेल.

प्रश्न : येवल्यात माझं किराणा दुकान आहे. घाऊक व्यापारी तांदळाची २५ ऐवजी २६ आणि ३० किलोची गोणी का पाठवतो? गिऱ्हाइकाला उचलायला जड जाते.

कारण १८ जुलै २०२२पासून आधीच बांधलेल्या, लेबल लावलेल्या धान्या-पिठाला २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला. २५ किलोहून जड गोणीला नाही. म्हणून तांदूळ एक किलोनं लठ्ठ झाला. तुम्ही गोणी फोडून सुटा विकलात तर त्यावर कर नाही. धोरणानं गोणीचं माप बदलल्याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या वहीत नाही. कंबर सांभाळा.

प्रश्न : मी सिन्नरचा निवृत्त शिक्षक. महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, यानं एसटी बुडणार नाही का?

सर, तुम्ही स्वतः फुकट जाता की अर्ध्यात, हे लिहिलं नाहीत! पंचाहत्तरीच्या वरच्यांना २६ ऑगस्ट २०२२पासून मोफत, महिलांना १७ मार्च २०२३पासून निम्मं. वहीच्या भाषेत बोलायचं तर तिकीट फुकट नाही, उधार आहे. उरलेली रक्कम महामंडळानं सरकारच्या नावे टाकायची आणि सरकारनं ती फेडायची. सरकारनं वेळेवर फेडली तर सवलत एसटीच्या फायद्याची, कारण रिकामी जाणारी गाडी भरून जाते. आमच्या निफाड गाडीत पूर्वी चार बायका असायच्या, आता उभं राहायला जागा नसते. उधारी थकली तर मात्र डिझेल आणि पगार कशातून काढायचे? २५ जानेवारी २०२५पासून भाडं १४.९५ टक्के वाढलं, म्हणजे तिकीटही महागलं आणि सरकारची उधारीही. तुम्ही ‘सवलत बंद करा’ असं पत्र लिहिणार असाल तर त्याऐवजी ‘प्रतिपूर्ती दरमहा ठरल्या तारखेला द्या’ असं लिहा, मीही सही करीन.

प्रश्न : सातपूरला माझं लहान फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आठ कामगार. एक मोठा कारखाना माल घेतो आणि ९० ते १२० दिवसांनी पैसे देतो. ४५ दिवसांचा कायदा आला असं ऐकलं. तो लागू करायला गेलो तर ऑर्डर जाईल का?

भाऊ, कायदा नवा नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६चा आहे. त्यात सूक्ष्म-लघु पुरवठादाराला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले असतील तरी ते चालत नाहीत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. सतरा वर्षं हे कागदावर होतं. वह्यांमध्ये असं व्याज जमा झालेलं मी एकदाही पाहिलं नाही, कारण मागणाऱ्याला तुमच्यासारखीच भीती.

मग २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३ब या कलमात ‘ह’ हे उपकलम लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे न दिलेल्या बिलावर कर भरा. याचा धाक मात्र बसला. मार्च २०२४मध्ये आमच्या ऑफिसात जे फोन खणखणले! वर्षानुवर्षं न उचलणारे लोक स्वतःहून विचारत होते, तुमचा उद्यम क्रमांक, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, काय?

पण यात एक फट आहे आणि ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या लेखापालाला पाठ असणार. जूनचं बिल त्यानं ४५ दिवसांत दिलं नाही, आणि ३१ मार्चच्या आत कधीही दिलं, तर खर्च त्याच वर्षात वजा मिळतो. कराचा तोटा शून्य. म्हणून आयकराच्या कलमानं तुमची जूनची बिलं लवकर सुटणार नाहीत, ती फक्त मार्चमध्ये एकदम सुटतील. बाकीच्या महिन्यांत तुमच्या हाती २००६चा कायदाच.

दुसरं असं की काही मोठ्या कंपन्यांनी लहानांना उद्यम नोंदणी रद्द करायला सुचवलं, नाहीतर मध्यम उद्योगाकडून माल घेऊ म्हणाले, कारण मध्यम उद्योगाला हे कलम लागत नाही. माझ्या ओळखीच्या एकानं खरंच नोंदणी रद्द केली. ऑर्डर टिकली, पण बँकेनं पुढचं कर्ज देताना तीच नोंदणी मागितली. तुम्ही ते करू नका. नुसत्या व्यापाऱ्याला या विलंबाच्या तरतुदी लागत नाहीत, तुम्ही माल बनवता, तेव्हा तुम्हाला लागतात. १ एप्रिल २०२५पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला सूक्ष्म ठरतो, तुम्ही त्यात आरामात बसाल.

ऑर्डर जाईल का? थकलेल्या बिलांचे असे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे लगेच तक्रार केलीत तर जाऊ शकते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर घेणाऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून ते हत्यार जोरदार आहे, पण त्यानंतर संबंध उरत नाही. आधी मऊ वाटेनं जा. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘देय तारीख’ ठळक छापा. माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोच ठेवा, मुदत त्यावरून मोजतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीला ‘ट्रेड्स’ या बिलवटावाच्या मंचावर नोंदणी सक्तीची आहे. तुमचा कारखाना त्यात असेल तर बिल तिथं मान्य करा म्हणावं. तुम्हाला बँकेकडून थोडा वटाव कापून पैसे लगेच मिळतात, तो मुदतीनंतर बँकेला देतो, आणि तुम्हाला भांडावं लागत नाही.

खरेदी विभागातल्या साहेबांना हे सांगून उपयोग नाही, त्यांना फक्त भाव कळतो. पत्र लेखा विभागाच्या नावे टाका, आणि ते फेब्रुवारीत टाकू नका. फेब्रुवारीत त्यांच्याकडे अशी ढिगानं येतात. दिवाळी झाली की लगेच टाका, थकलेल्या बिलांची तारीखवार यादी जोडून.